दारातली उलटी केरसुणी

माझी बायको वारली त्याला आता आठ महिने होतील. वारली ती इथं, जर्मनीत. आम्ही दोघं मुलाकडं आलो होतो, कायझर्सलाउटर्नला, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा इथल्या एका संशोधन संस्थेत आहे. सून पुण्याची, कॉम्प्युटरचं काम घरात बसूनच करते. मी चौथी शिकलो. पाटणच्या अलीकडं एका गावात चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. लिहायचा सराव नाही. सून म्हणाली, बाबा, हे तुम्ही मला पाच वेळा सांगितलंत, आता कागदाला सांगा. म्हणून लिहितोय.

बायको गेल्यावर मी एकाच गोष्टीची वाट बघत होतो. ती यायची. भूत होऊन. हसायचं त्यानं हसावं. आमच्याकडं माणसाची इच्छा राहिली की ते माघारी येतं, आणि हिची राहिली होती. दिवाळीपासून ती म्हणत होती, घरी जाऊ. मी म्हटलं, थंडी संपू दे. थंडी संपायच्या आधी ती संपली. मला तिला एवढंच विचारायचं होतं, की रागावलीस का. आली असती, मानगुटीवर बसली असती, तरी चाललं असतं. पण नाही आली. स्वप्नातसुद्धा नाही. आमच्या गावात विहिरीत पडलेली एक बाई सात वर्षं येत होती, रस्त्यानं जाईल त्याला दिसायची, ओळख ना पाळख. आणि चव्वेचाळीस वर्षं संसार केलेली बाई जिन्यापर्यंतसुद्धा येत नाही, ह्याला काय म्हणावं.

अस्थी मुलगा गावी घेऊन गेला, नदीत सोडून आला. मी गेलो नाही. गुडघे दुखतात म्हटलं. शिवाय माझा हिशेब असा, की जीव जिथं जातो तिथंच तो घुटमळतो. भूत गावाची शीव ओलांडत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे ती इथंच कुठंतरी असणार. म्हणून मी इथंच थांबलो.

आता केरसुणीचं सांगतो.

तेरावा झाला आणि दोनचार दिवसांनी आमच्या दाराबाहेर, जिन्याच्या चौकात, एक केरसुणी दिसली. लांब दांड्याची. नाकाजवळ नेली तर ज्वारी. चाळीस वर्षं ज्वारी दळलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. दाणे झाडलेल्या कणसांच्या काड्या एकत्र बांधून केलेली. चांगली होती, पण उलटी उभी केलेली. दांडा खाली, काड्या वर. केरसुणी म्हणजे लक्ष्मी. तिला पाय लावत नाहीत, उलटी उभी करत नाहीत, घरात भांडणं लागतात. मला वाटलं, सुनेचं काम. पुण्याची पोरगी, तिला कोण सांगणार. आधीच घरात दुःख, त्यात केरसुणीवरून बोलणं नको. मी गुपचूप ती आडवी करून कोपऱ्याला सरकवली आणि पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटी उभी.

मी पुन्हा आडवी केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं सहा महिने चाललं. मी रोज सकाळी फिरायला जाताना ती आडवी करायचो आणि रोज ती उलटी व्हायची. सुनेला मी काही बोललो नाही. सून मला काही बोलली नाही, कारण तिला वाटत होतं ती मीच आणलीय, दुःखात माणूस काहीही करतो. मुलगा कुणालाच काही बोलला नाही. इथं जिना झाडायची पाळी असते, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकवतात. त्याला वाटलं, झाडू त्या पाटीबरोबरच येत असेल. एका घरात तीन माणसं, त्यातली दोन भरपूर शिकलेली, आणि सहा महिने एका केरसुणीची चौकशी कुणी केली नाही.

आमच्या समोरच्या दारात एक इटलीची म्हातारी राहते. माझ्याच वयाची, कदाचित दोन वर्षांनी मोठी. नवऱ्याचं इथं आइस्क्रीमचं दुकान होतं, तो जाऊन अकरा वर्षं झाली. ती मूळची फ्रिउली नावाच्या मुलखातली. इटलीचा वरचा उजवा कोपरा, सगळा डोंगर, असं सुनेनं फोनवर नकाशा काढून दाखवलं. बायको वारली तेव्हा ही बाई मक्याच्या पिठाचं घट्ट पिठल्यासारखं काहीतरी पातेलंभर घेऊन आली होती. मी ते ठेच्याबरोबर खाल्लं, बरं लागलं. तेव्हापासून ती शनिवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. ती जर्मनमध्ये बोलायची, मध्येच तिची बोली घुसायची. सून मला मराठीत सांगायची. मी बोललो की सून तिला सांगायची. सून म्हणायची, बाबा, आठवडाभर मीटिंगा करते, आणि शनिवारी ही मीटिंग.

म्हातारी बोलायची ती फक्त भुताखेतांचं. तिच्या मुलखात त्याला तोटा नव्हता. नदीवरच्या गुहांत राहणाऱ्या बायका, त्यांची पावलं मागं वळलेली, केस हिरवे. औषधी पाला त्यांना ठाऊक, पेरणी कधी करायची ते त्या शेतकऱ्याला सांगायच्या, आणि पावलांना कुणी हसलं की त्याचा सूड घ्यायच्या. मी म्हटलं, उलट्या पावलांची हडळ आमच्याकडंही आहे, पण पेरणीचं वगैरे ती सांगत नाही, सरळ झाडावरनं उतरते. म्हातारीनं विचारलं, तुमची जिना कशी चढते. मी विचार केला आणि म्हटलं, आमच्याकडं जिने नव्हते.

मग तिच्या डोंगराखालचा राक्षस. तो झोपेत कूस बदलतो आणि भूकंप होतो. तिचं घर त्यातच पडलं होतं, ती तेव्हा नुकती लग्न झालेली. मी म्हटलं, कोयनेच्या भूकंपात आमचंही पडलं, पण आमच्याकडं शेषनाग आहे, तो झोपत नाही, डोकं हलवतो. ह्यावर बराच वाद झाला. तिचं म्हणणं, राक्षस झोपेत करतो म्हणून त्याला माफ करता येतं. तुमचा तर जागा आहे. तो शनिवार तिनं जिंकला.

पण सगळ्यात कहर म्हणजे तिच्याकडच्या लढाया. जी माणसं जन्मताना गर्भाची पातळ पिशवी डोक्यावर पांघरून यायची, ती म्हणे रात्री झोपेतून उठून शेतात जायची आणि चेटकिणींशी लढायची. ह्यांच्या हातात बडीशेपेचे दांडे, चेटकिणींच्या हातात ज्वारीची ताटं. हे जिंकले तर पीक चांगलं, त्या जिंकल्या तर दुष्काळ. मी सुनेला म्हटलं, नीट विचार, बडीशेप म्हणाली का. हो, बडीशेप. मी म्हटलं, जेवणानंतर खायची वस्तू घेऊन ज्वारीच्या ताटाशी लढायला जाणारा माणूस जिवंत कसा येईल. आमच्या शिवारात ज्वारी दोन पुरुष उंच होते. पैज लावायची तर मी चेटकिणींवर लावीन. सून म्हणाली, बाबा, हे मी भाषांतर करणार नाही. पण म्हातारीला माझ्या तोंडावरून कळलं असावं, कारण पुढच्या शनिवारी ती आलीच नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी आली ती गंभीर तोंड करून. सप्टेंबर नुकता लागला असेल. कॉफीला हात लावला नाही. सुनेशी हळू आवाजात बराच वेळ बोलली. सून माझ्याकडं बघायची, परत तिच्याकडं बघायची.

"काय म्हणतेय?" मी म्हटलं.

"बाबा, त्या म्हणतायत, आपल्या दाराशी रोज कुणीतरी येतं."

माझ्या हातात पेला होता, तो मी खाली ठेवला. सुनेनं पुढचं सांगितलं. म्हातारीच्या मुलखात छातीवर बसणारी एक आहे. किल्लीच्या भोकातून आत येते, झोपलेल्याच्या छातीवर बसते, श्वास कोंडते. शोकातल्या माणसावर तिचा जास्त डोळा, कारण तो आधीच अर्धा कोंडलेला असतो. तिला अडवायचा उपाय म्हणजे दाराशी केरसुणी उलटी उभी करायची. छातीवर बसणारीला एक खोड असते, समोर काड्या दिसल्या की मोजल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ती मोजत बसते, सकाळची घंटा होते, आणि तिला जावं लागतं. म्हणून माझी काळजी करून म्हातारीनं फेब्रुवारीपासून आमच्या दारात केरसुणी लावलेली. आणि रोज दुपारी बघते तर केरसुणी पडलेली, कोपऱ्यात. एकही दिवस खाडा नाही. ती म्हणाली, माझ्या उभ्या आयुष्यात इतकी चिवट मी पाहिली नाही, ही नक्की तुमच्या ओळखीची आहे.

खरं सांगतो, दोन श्वास एवढा वेळ मला ते पटलं. आली म्हणायची. सहा महिने रोज आली, आणि केरसुणी उलटी बघून तिनं ती आडवी केली. तीच करणार, दुसरं कोण करेल. उलटी केरसुणी तिला खपायचीच नाही.

मग माझ्या ध्यानात आलं, की ते मीच करत होतो.

मी सांगून टाकलं. सुनेनं सांगितलं. म्हातारी तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली, ते सुनेला कळलं नाही आणि मला कळलं. शिवी कुठल्याही मुलखातली असो, कळते. मग हसायला लागली. सूनही हसली. मी हसलो नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरंच चक्र फिरायला लागलं होतं.

माझी बायको मोजणारी होती. गिरणीत रांगेला लागलेले डबे ती मोजायची, दोरीवरचे कपडे मोजायची, बसमध्ये बसली की खिडक्या मोजायची. शाळेत गेली नव्हती, मोजायची ती विसांवर, वीसवीसचे गट करून. दोन विसा आणि पाच, तीन विसा आणि अकरा. मध्येच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. अर्धवट मोजलेलं सोडून ती जेवायलासुद्धा उठायची नाही. मी सकाळी केरसुणी आडवी करायचो खरा, पण दुपारी ही बाई पुन्हा उभी करायची. म्हणजे संध्याकाळ झाली की माझी बायको तिसऱ्या मजल्यावर येते, समोर शेकडो काड्या, आणि बसते मोजत. रोज. आणि मी आत, ती आली नाही म्हणून भिंतीकडं तोंड करून.

मी म्हातारीला म्हटलं, तुझी केरसुणी उचल, माझी बायको अडकलीय.

ती म्हणाली, उचलणार नाही. केरसुणी नव्हती म्हणून माझी आई गेली. सकाळी बघितलं तर छातीवर वजनाची खूण होती. तुमची बायको येईल की नाही माहीत नाही, पण ती दुसरी नक्की येईल. मी म्हटलं, माझ्या दारात काय ठेवायचं ते मी ठरवणार. ती म्हणाली, चौक दोघांचा आहे. अर्धा तास हेच. शेवटी सून वैतागली.

"मग मोजून आकडा लिहून ठेवा ना केरसुणीवर," ती म्हणाली. "आईंना मोजायलाच नको."

तिनं टोमणा मारला होता. आम्ही दोघांनी तो कामाला लावला. म्हातारीला एकच शंका, आकडा लिहिला तर छातीवर बसणारीसुद्धा वाचेल. मी विचारलं, तुझी शिकलेली आहे का. ती म्हणाली, त्या काळात गावात फक्त पाद्र्याला वाचता यायचं. म्हटलं, मग मिटलं. माझ्या बायकोलाही अक्षर येत नव्हतं, पण गिरणीच्या भिंतीवर ती खडूनं रेघा ओढायची, विसाला एक आडवी. तसं लिहिलं की फक्त तिलाच कळेल.

पुढच्या शनिवारी सकाळी दोन खुर्च्या चौकात मांडून आम्ही बसलो. केरसुणी दोघांच्या मांडीवर. विसाव्या काडीला ती दोऱ्यानं गाठ मारायची, मी कागदावर रेघ ओढायचो. मी मराठीत मोजायचो, ती इटालियनमध्ये, आणि दोघांचा आकडा एकच यायला पाहिजे अशी अट. दोनदा मोडलं. एकदा ती मध्येच प्रार्थना म्हणायला लागली म्हणून, एकदा मला खोकला आला म्हणून. सून लॅपटॉप घेऊन उंबऱ्यात बसली होती.

अकराच्या सुमाराला हाउसमाइस्टर आला. इमारतीची देखभाल बघणारा माणूस, सगळ्या चाव्या कमरेला. त्यानं आधी खुर्च्यांकडं बघितलं, मग आमच्याकडं. जिन्यात काहीही ठेवायचं नाही, आग लागली तर वाट मोकळी पाहिजे, असा नियम आहे. सुनेनं त्याला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, छातीवर बसणारीपासून. माझी सून खोटं बोलत नाही, हा तिच्यातला दोष आहे. तो माणूस शांतपणे ऐकत होता. मग त्यानं विचारलं, केरसुणी कुणाची? समोरच्या बाईंची. आणि येणारी व्यक्ती कुणाची? आमची. तो म्हणाला, आल्झो, म्हणजे तर मग, एकीची वस्तू दुसऱ्याच्या दारात ठेवता येत नाही. सोमवारपर्यंत हटवा. "गेनाऊ," सून म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. एवढं स्वच्छ कुणीच बोललं नव्हतं. जाताना त्यानं विचारलं, किती झाल्या. मी बोटांनी दाखवलं, सतरा विसा. त्याला ते कळलं नसावं, पण मान डोलावली.

एकोणीस विसा झाल्या तेव्हा हातात थोड्याच काड्या उरल्या होत्या. विसाच्या आतबाहेर. माझा हात थांबला.

म्हातारीनं कोपरानं ढोसलं. मी तसाच. तिनं सुनेला विचारलं, ह्याला काय झालं. सून म्हणाली, बाबा, दमलात का?

दमलो नव्हतो. मला तेव्हा कळलं की ह्या काड्या संपल्या, रेघा झाल्या, केरसुणी गेली, आणि तरी ती आली नाही, तर मग माझ्याकडं काहीच उरत नाही. आतापर्यंत नव्हती येत त्याला निदान कारण होतं. मग फक्त हे उरेल की ती माझ्यावर रागावलेलीसुद्धा नाही. तिनं मला सोडूनच दिलं.

मी सुनेला म्हटलं, सांग हिला.

"तिला घरी जायचं होतं. मी म्हटलं, थंडी संपू दे. पण थंडीचं नव्हतं ते. इथली फरशी खालून गरम असते. माझ्या गुडघ्यांना बरं वाटायचं. तेवढ्यासाठी ठेवली तिला."

हे सुनेला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. लॅपटॉप तिनं मिटला आणि मग हळूहळू, एकेक शब्द करत म्हातारीला सांगितलं. मी खाली बघत होतो. मला वाटलं, आता म्हातारी माझ्या खांद्यावर हात ठेवेल, जर्मनीत सगळे ठेवतात तसा.

तिनं ठेवला नाही. मला काहीतरी फटकारून विचारलं. सून सांगायला घुटमळली.

"सांग की," मी म्हटलं.

"त्या म्हणतायत, मग ती इथं कशाला येईल?"

मी म्हटलं, जीव इथं गेला म्हणून. आमचं भूत शीव ओलांडत नाही. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि हात झटकला. तिचं म्हणणं सुनेनं मला जसंच्या तसं सांगितलं, ते असं. शीव तिनं ओलांडली कुठं, तिला मुलानं नेली. विमानानं नेली. कागदपत्रं होती, शिक्के होते, ती तुमच्यापेक्षा रीतसर गेली. तिला घरी जायचं होतं आणि ती घरी पोचली. फेब्रुवारीपासून ती तिथं बसलीय. आणि हा माणूस इथं माझ्या जिन्यात तिला शोधतोय. वाट ती बघतेय, हा नाही.

मी पुष्कळ वाद घातला. पिंपळ, वेस, राखणदार, सगळं काढलं. ती प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची, की हे सगळं तिथं आहे ना, मग इथं का बोलताय. शेवटी माझ्याकडं फक्त खरं कारण उरलं, ते मी बोललो नाही. मला त्या घरात जायची भीती वाटत होती. अस्थी घेऊन मुलगा गेला तेव्हाही गुडघ्यांपेक्षा तीच होती. इथं ती आली असती तर एक शब्द विचारून मोकळा झालो असतो. तिथं उंबऱ्यातून आत जावं लागणार, चूल दिसणार, तिची बसायची जागा दिसणार, आणि विचारायचं नव्हे तर सांगावं लागणार.

संध्याकाळी मुलगा आल्यावर म्हटलं, तिकीट काढ. त्यानं तिकडच्या औषधांचा विषय काढला, परत यायच्या परवान्याचा काढला, आणि म्हणाला, बाबा, निदान थंडी संपू दे. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, तू गप्प बस. का ते त्याला समजलं नाही. तिनं सांगितलंही नाही. तिकीट तिनंच काढलं, पुढच्या आठवड्यातलं.

मग मी गावाकडं धाकट्या भावजयीला फोन लावला. आमची किल्ली तिच्याकडं असते. तिला म्हटलं, उद्यापासून आमचं दार दिवसभर उघडं ठेव. ती म्हणाली, भावजी, मांजरं येतील, आधीच उंदरांनी पोती फोडलीत. म्हटलं, येऊ देत. ती म्हणाली, तुम्ही आल्यावर उघडूच की. म्हटलं, नाही, आत्ताच उघड. आणि आत जाऊन मोठ्यानं सांग, मी येतोय म्हणून.

मग ती म्हणाली, "कुणाला सांगू?"

मी म्हटलं, तू सांग तर.